नाका

रात्री दहाला मी पेशींचा खुराक काढून घेते.
उंदराच्या यकृतातल्या पेशी,
चपट्या बाटलीच्या तळाला चिकटून बसलेल्या,
वर गुलाबी पाणी.
रमणभाई कुलपं तपासत येतात:
मोहितेबेन, आज पण उपाशी ठेवणार बिचाऱ्यांना?
हो. सकाळपर्यंत.

घरी, दांडिया बाजारात, बाबा जागेच असतात.
फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली त्यांची सोनोग्राफी:
यकृत वाढलेले. चरबी, ग्रेड दोन.
"आयुष्यात थेंब घेतला नाही मी,"
ते रिपोर्टला सांगतात, मला नाही.
गुजरातेत घ्यायचा तरी कुठे, हे मी बोलत नाही.

एकतीस वर्षं ते छाणीच्या जकातनाक्यावर होते.
ट्रकवरची ताडपत्री नुसती हलली
तरी आत कापूस की सरकी, ओळखायचे.
म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगू बघते.

पेशीत एक कारखाना आहे, बाबा,
साखरेची चरबी करणारा.
तिथला पहिला कारागीर म्हणजे एक एन्झाइम,
दिवसभर विटा पाडतो.
वीट चरबीच्या भिंतीत जाते
आणि तीच वीट भट्टीच्या दाराला आडवी बसते,
बांधकाम चालू असताना
कुणी माल जाळायला नेऊ नये म्हणून.

"हुशार आहे," बाबा म्हणतात.
"एकच माल, दोन कामं. पण त्याला थांबवतो कोण?"

दुसरा एक एन्झाइम. तो गल्ला मोजत बसतो.
नोटा मोडत मोडत नुसती चिल्लर उरली
की उठतो,
आणि पहिल्याच्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का मारतो.
विटा बंद. आडवी वीट हळूहळू विरते.
दार उघडतं, चरबी आत जाते,
जळते.

"आमच्याकडे शिक्का बसला की गाडी सुटायची."
इथंही सुटतेच.
फक्त शिक्का गाडीवर नाही,
साहेबावर बसतो.

बाबा हसले. या महिन्यात पहिल्यांदा.
मग गप्प झाले.
"आणि गल्ला कधी रिकामाच झाला नाही, तर?"

मी उत्तर दिलं नाही.
आठला सेव-उसळ, वर तर्री, पुन्हा तर्री.
दहाला साय घातलेलं दूध.
साडेअकराला भाकरवडीचा डबा,
झाकण वाजू नये म्हणून
रुमालात धरून उघडलेला.

नाका उठला त्या रात्री
बाबा आपला शिक्का खिशात घालून घरी आले होते.
शाई वाळलेली, तारीख तीच.
अंथरुणावर पडून हायवेचा आवाज ऐकत होते.
"न थांबता जातायत," म्हणाले,
"कुणी विचारत नाही काय भरलंय."

एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही.
तो फॉस्फेटचा शिक्का माझ्या फिल्मवर काळी रेघ होऊन उमटतो.
उपाशी पेशींची रेघ ठळक, भरल्या पेशींची पुसट,
इथवर सगळं ठीक.
पण ज्यांना मी आठवडाभर चरबी पाजली
त्यांना रात्रभर उपाशी ठेवलं
तरी रेघ उमटत नाही.
चार वेळा करून पाहिलं.
शाई संपली, की हातच उठत नाही,
मला अजून कळलेलं नाही.

काल रात्री स्वयंपाकघरात दिवा नव्हता.
डबा फळीवर होता, रुमाल दोरीवर वाळत.
बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते.
"विश्वामित्रीतली मगर," ते म्हणाले,
"महिना महिना जेवत नाही. नुसतं ऊन खाते."
मी शेजारी स्टूल ओढलं.
त्यांच्या पोटात काहीतरी गुरगुरलं,
लांबवर, रिकाम्या रस्त्यावर
ट्रकनं गिअर बदलावा तसं.

"मोजतोय," बाबा म्हणाले.
कोण?
"तुझा तो. गल्लेवाला."

मग आम्ही दोघं ऐकत राहिलो.